शुक्रवारची तांबोशी

वसूच्या घशात काटा अडकला. तसं पाहिलं तर ही काही मोठी बातमी नव्हे. माशांना काटे असतात, माणसांना घसे असतात, तेव्हा रोज कुठे ना कुठे हे होतच असणार. पण वसूच्या ताटात जाणारा मासा माझ्या हाताखालून जातो, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या माशात काटा राहत नाही, हे आमच्या घरात इतकं ठरलेलं होतं की त्याबद्दल कोणी कधी बोलतसुद्धा नसे. ती बोलता बोलता थांबली. डोळे मोठे केले, हात गळ्याशी नेला. मला वाटलं, आमच्या मुलीच्या, इराच्या, कुठल्या तरी मैत्रिणीची नक्कल करून दाखवतेय, म्हणून मी हसायच्या तयारीत तिच्याकडे बघत राहिलो. मग ती खोकायला लागली. शेजारच्या टेबलावरचे लोक वळले आणि काउंटरमागून आंटी धावत आली. आंटी म्हणजे या हॉटेलची मालकीण. तिचं खरं नाव इतक्या वर्षांत आम्ही विचारलं नाही आणि तिने आमचं. "राइस! स्वॅलो राइस! डोन्ट च्यू!" असं ओरडत तिने भाताची वाटी वसूपुढे ढकलली. त्या गडबडीतही मला गंमत वाटली, कारण माझी आई अगदी हेच म्हणायची: गोळा कर, चावू नको, गीळ. माझं रेवदंडा आणि हे सिंगापूरचं बुकित बातोक यांचं निदान या एका बाबतीत एकमत आहे. वसूने गोळा गिळला, दुसरा गिळला, पाणी प्यायली, आणि डोळे पुसत हसली. "गेला," ती म्हणाली. "गेला रे. असं तोंड करून काय बघतोस?"

मी तिच्याकडे बघतच नव्हतो. मी माझ्या उजव्या हाताकडे बघत होतो. अंगठा आणि पहिली दोन बोटं तेलाने चमकत होती, तर्जनीच्या टोकाला तळलेल्या लसणाचा एक कण चिकटला होता आणि तो तिथे आहे हे मला फक्त डोळ्यांना दिसत होतं म्हणून माहीत होतं. आंटीने माझ्या पाठीवर एक थाप मारली. "अय्या, डॉक्टर! सो लाँग नेव्हर कम, नाऊ फर्गेट ऑलरेडी आह?" म्हणाली आणि हसत गेली. तिने हसून सोडून दिलं आणि वसूनेही हसून सोडून दिलं. मी मात्र तोंडात मारल्यासारखा बसलो होतो.

डॉक्टर हे माझं नाव इथलं. मी डॉक्टर नाही; मी जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे, रोज सकाळी कंपनीच्या बसने जातो, गेटवर पास दाखवतो आणि संध्याकाळी त्याच बसने येतो. पण इरा लहान असताना एकदा या टेबलावर खुर्चीत उभी राहून ओरडली होती, "पप्पा इज ऑपरेटिंग ऑन द फिश, लाह!" आणि आंटीने तो शब्द उचलला. तेव्हा हे हॉटेल म्हणजे इमारतीखालची उघडी जागा होती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर गरगरणारे पंखे. आता काचा लागल्या आहेत, एसी आहे, टेबलावर चौकोनी कोड चिकटवलाय आणि त्यावर फोन धरून ऑर्डर द्यायची. मासा मात्र तोच. आंटी शुक्रवारी पहाटे बंदरावर जाऊन स्वतः स्नॅपर निवडते, म्हणजे आपली तांबोशी, आणि संध्याकाळी ती अख्खी तळते, वर आलं, लसूण आणि सोया सॉसचा रस. आम्ही शुक्रवार धरला त्यालाही कारण होतं. माझा गुरुवार असतो. आईने लहानपणी लावला आणि आता तो मोडायला मला कारण सापडत नाही. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी बसमधून उतरताना माझ्या तोंडाला जे पाणी सुटायचं त्याला भक्तीची पार्श्वभूमी होती, असं वसू म्हणायची.

वसू मासे खाणाऱ्या घरातली नाही. कोथरूडला त्यांच्याकडे अंड्याचा केकसुद्धा गॅलरीत उभं राहून खायचे. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने एवढंच मागितलं की माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात मासळी शिजू नये, मी पुढेमागे येईन-जाईन तेव्हा मला तिथे जेवता यावं. मी तत्काळ हो म्हणालो; तेव्हा मी वसूसाठी हिमालयसुद्धा हलवायला तयार होतो, तर पापलेटचं काय घेऊन बसलात. आणि तो शब्द आम्ही पाळला. तिच्या आई आता नाहीत, तरी आमच्या घरात मासा शिजत नाही. पण बाहेरचं काय, याबद्दल कोणी बोललं नव्हतं, आणि ज्या शुक्रवारी वसू या हॉटेलात पहिल्यांदा म्हणाली, "दे बघू, एवढंसं," तो दिवस मला लख्ख आठवतो. मी तिला पाठीकडचा तुकडा दिला. तो देण्याआधी मी तो दोन बोटांत धरून दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. मासा डोळ्यांनी साफ होत नाही. डोळ्यांना काटा दिसतो तोवर बोटांना तो केव्हाच कळलेला असतो. आई ओट्याशी बसून माझ्याशी बोलत, दाराकडे बघत, बटव्यातून सुपारी शोधावी तशी माशातून काटे काढायची, आणि मीही न शिकता तेच शिकलो. वसूने तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "एवढं चांगलं असतं हे? आणि मला कोणी सांगितलं नाही!" मग ती खातच गेली. ती आणि नंतर इरा, दोघी माझ्या दोन बाजूंना, आणि मी मधे. कणा डोक्यापासून शेपटीपर्यंत एका ओढीत उचलायचा, बरगड्यांचे काटे बाजूला, मग ते बारीक, मधल्या रेषेतले, जे सगळ्यांना फसवतात. शेवटी स्वतःसाठी उरायचं डोकं, आणि ते मला हवंच असायचं. मी सुखी माणूस होतो. अजूनही आहे, पण त्या टेबलावर मी सुखी असल्याचं मला त्या त्या वेळी कळत होतं, हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल तुझा," वसू म्हणाली. "इराला सांग, ती अपॉइंटमेंट घेऊन देईल." इरा फिजिओथेरपिस्ट आहे, यिशुनला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते, हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून. आम्हा दोघांच्या सगळ्या अपॉइंटमेंटा आता तीच घेते. मी म्हणालो, "असेल." एवढंच म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर मला बरं वाटलं. चष्मा! किती सोपं. चष्मा बदलता येतो. वसूने दार उघडून धरलं होतं आणि मला फक्त त्यातून बाहेर पडायचं होतं.

साखर मला बरीच वर्षं आहे, ते वसूला माहीत आहे; चहातली साखर तिनेच बंद केली. बोटांचं तिला माहीत नव्हतं. ते केव्हा सुरू झालं हे मलाही नीट सांगता येणार नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला, तेव्हा मला वाटलं, बटणंच हल्ली लहान करतात. मग खिशात हात घातला की किल्ली कुठली आणि नाणं कुठलं ते बाहेर काढल्याशिवाय कळेना. कारखान्यात मला पंपावर तळहात ठेवायची जुनी सवय; आता सगळीकडे सेन्सर आहेत, पडद्यावर रेषा हलते, माझ्या तळहाताची कोणाला गरज नाही, पण मी जाता-येता ठेवतो. एके दिवशी ठेवला आणि मला पंप बंद आहे असं वाटलं. तो चालू होता. मी तिथे उभा राहिलो, पंप कानात घोंघावत होता आणि हाताला काही नाही. पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगून बोटांना कापूस लावला, मग टोकदार काहीतरी, आणि म्हणाल्या, नसांचं आहे, गेलेलं परत येईल असं सांगू शकत नाही, साखर सांभाळली तर आहे ते राहील. मी थँक्यू म्हणालो. बाहेर येऊन कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली, बिनसाखरेची, आणि बाकावर बसलो. मला पहिला विचार काय आला? नोकरीचा नाही, पायांचा नाही, जे पुढे होऊ शकतं त्याचा नाही. मला वाटलं, शुक्रवार.

आणि मग मी हॉटेल बिघडवलं. म्हणजे हॉटेल आपल्या जागी ठीक होतं. मी घरी बसून बिघडवलं. आधी म्हटलं, आंटी आता तेल बदलत नाही. मग म्हटलं, एसी लावल्यापासून त्या जागेला वास राहतो. मासा गोठवलेला असतो, मला कळतं ना, मी काय आज खातोय का मासे. वसू हिशेबाची माणूस, एका जहाज कंपनीत अकाउंट्स बघते, तिला कोणतीही गोष्ट दोनदा तपासायची खोड. पण माशाच्या बाबतीत ती माझा शब्द प्रमाण मानायची. "अरेरे," म्हणायची. "चांगली होती रे आंटी." आणि शुक्रवारी आम्ही घरी वरणभात खायचो. ती कधी मासा मागायची नाही, कारण तिच्या मनात मासा आणि मी एकच होतो. बाहेर ऑफिसच्या जेवणात तिने तो कधी खाल्ला नाही. मी तिच्या पानातली एक गोष्ट काढून घेतली होती आणि वर तिची सहानुभूती मिळवत होतो. बरं वाटायचं नाही, पण शुक्रवार टळला की हायसं वाटायचं, हेही खरं.

आज तिनेच ओढून आणलं. ऑफिसमधून परस्पर एमआरटी स्टेशनवर येऊन उभी राहिली, मी बसमधून उतरल्यावर माझा हात धरला आणि म्हणाली, "तेल बिघडलं असेल तर बिघडलेलं खाऊ. मला आज हवाय." मी नाही कशाला म्हणू? आणि खोटं कशाला बोलू, मलाही आशा होती. वाटलं, इतकी वर्षं केलंय, हात आपोआप करेल. केलंही. कणा एका ओढीत आला, आंटीने लांबून अंगठा दाखवला. बारीक काट्यांशी मी डोळ्यांनी काम केलं, मान आणखी खाली घालून, आणि पहिले काही घास सुखरूप गेले. मी निर्धास्त होत होतो, तेवढ्यात हे.

आता वसू जेवत होती. काय-लान नावाच्या चिनी पालेभाजीचे देठ ती भातात कालवून खात होती, वर सॉसचा रस घेत होती. माशाचा जो तुकडा मी तिच्या ताटात शेवटी ठेवला होता तो तिने कडेला सरकवला होता, अगदी सहज, जसा आपण कढीपत्ता सरकवतो. "पोट भरलं," ती म्हणाली. "बाकीचा तू खा." मासा जवळजवळ अर्धा उरला होता. वसूचं पोट भरलं की ती पाण्याचा ग्लास लांब ठेवते आणि मागे टेकून बसते. ती टेकली नव्हती. ती घाबरली होती आणि मला ते दिसू नये म्हणून भाजी खात होती. माझ्या बायकोला माझ्या हातचं खायची भीती वाटत होती. हे वाक्य माझ्या मनात आलं आणि त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. चष्म्याचं दार अजून उघडंच होतं. नवा चष्मा येईल, पण येणाऱ्या शुक्रवारीही हेच होईल. ती भाजी खाईल, हसेल, पोट भरलं म्हणेल, मग आम्ही हळूहळू येणं सोडून देऊ, आणि या खेपेला तेलावर ढकलण्याचीही सोय नसेल. आणि मग मी तिच्यासाठी काय करतो? पगार ती माझ्याइतकाच आणते. इरा मोठी झाली. घरातला दिवा गेला तर ती स्वतः बदलते. मी तिच्यासाठी करतो अशी एक गोष्ट होती जी जगात दुसरं कोणी करत नव्हतं, आणि ती गेली तर मी नुसता घरात राहणारा माणूस, असं मला वाटलं. हे मूर्खपणाचं आहे हे कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

मी उरलेला मासा पुढे ओढला. खिशातून फोन काढला, त्याचा टॉर्च लावला, फोन सॉसच्या बाटलीला टेकवला आणि त्या उजेडात एकेक घास फोडून बघायला लागलो. शेजारचं टेबल पुन्हा वळलं.

"हे काय चाललंय?" वसू म्हणाली.

"काही नाही. नीट बघून देतो."

"निशी, ठेव तो फोन. लोक बघतायत."

"बघू देत."

"अरे, मला नकोय म्हटलं ना!"

"तुला हवाय," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला असावा, कारण आंटीने काउंटरवरून मान उंचावली. मी टॉर्च बंद केला. हात टेबलावर पालथे ठेवले, मग उताणे केले. "वसू, चष्म्याचं काही नाही. मला बोटांना कळत नाही. बधिर झालीयेत. साखरेमुळे."

तिने टिश्यूने स्वतःचे हात पुसले, मग माझा उजवा हात धरून तर्जनीच्या टोकाला नख लावलं. "हे?"

"नाही."

"हे?"

"तिथे थोडं. दाब दिल्यासारखं."

"आणि डावा?"

"तो बराय अजून."

तिने डावा हातही तपासला, माझ्या शब्दावर न विसंबता, प्रत्येक बोट, एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूने. मी बघत होतो. तिचं कपाळ आक्रसलेलं, ओठ आत ओढलेले. ताळेबंद जुळत नसला की असंच होतं. मग हात न सोडता तिने वर बघितलं. "डॉक्टरला कधी दाखवलंस?"

"झाले काही महिने."

"आणि इराला?"

"नाही सांगितलं."

"इरा फिजिओथेरपिस्ट आहे, निशी! दिवसभर लोकांचे हातपाय बघते ती, आणि तू..." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळताना मला दिसलं, आणि आता आपली खैर नाही हे कळलं. "म्हणजे आंटीचं तेल?"

"तेल चांगलंय."

"एसीचा वास?"

"वास नाहीये."

"गोठवलेला मासा!" वसूने माझा हात टेबलावर टाकला. "त्या बिचारीला इतके दिवस मी मनात नावं ठेवली. खाली भेटली तरी नीट हसायचे नाही मी तिच्याशी. मला वाटायचं, काय ही बाई, एवढी जुनी गिऱ्हाइकं आणि शिळा मासा देते!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. या वेळी खोकला नव्हता, तेव्हा ते भाताने थांबणारं नव्हतं. मी तिला टिश्यू दिला. "माणसाने सांगावं रे," ती म्हणाली. "मला काय वाटलं असतं? मी काय मासा खाण्यासाठी लग्न केलं का तुझ्याशी? मी तर मासा खातच नव्हते." खरंच खात नव्हती.

नाक पुसून तिने माशाची बशी स्वतःकडे ओढली. कुडत्याच्या बाह्या वर केल्या. "सांग," म्हणाली.

"काय सांगू?"

"कसं काढायचं ते. तुला बोटांना कळत नाही, मला कळतं. सांग."

मला सांगता येईना. मला ते कधी शब्दांत माहीतच नव्हतं. मी म्हणालो, लहान घास घे. दाबू नको, नुसता चिमटीत फिरव. मऊ लागतं ते सोड, मधेच केसासारखं काहीतरी अडतं, तिथे थांब. "अडलं," ती म्हणाली, आणि तिने तो काढला, उजेडात धरला आणि बशीच्या काठावर ठेवला. मग दुसरा. तिचं बोट फार हळू चालत होतं आणि मासा तिच्या हाताखाली पार भुगा होत होता. आईने बघितलं असतं तर उठून गेली असती. मी मदतीला हात पुढे केला, तिने कोपराने तो बाजूला सारला.

मग मी हात मांडीवर ठेवून बसलो. माशापुढे रिकाम्या हाताने बसायची मला सवय नव्हती. इतक्या शुक्रवारी इथे आलो, पण या हॉटेलच्या मागच्या भिंतीला फिकट हिरव्या टाइल्स आहेत हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कोपऱ्यात एक म्हातारं जोडपं एकाच वाडग्यातून सूप पीत होतं. आंटी कोमट चहाचं भांडं आमच्या टेबलावर ठेवून गेली, खेकडा खाणाऱ्यांना बोटं धुवायला देते तसं, आणि वसूकडे बघून म्हणाली, "वा, टुडे मिसेस डॉक्टर!" वसूने मान वर केली नाही. तिच्या भांगाशी पांढरे केस वाढले होते, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं, आणि ती इतकी सुंदर दिसत होती की मला ते सांगावंसं वाटलं.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. इतकी वर्षं दर शुक्रवारी मी बोलत होते आणि तू माशात मान घालून हूं हूं करत होतास. एकदा मी मुद्दाम सांगितलं होतं की मला नोकरीवरून काढलंय, तर म्हणालास, छान."

"मी? खरंच?"

"खरंच. आता माझी मान खाली आहे. तू बोल."

मला तर वाटायचं की आम्ही इथे किती बोलतो. वाटायचं, याच टेबलावर आमचं सगळं बोलून होतं. मी आठवायला लागलो की मी इथे वसूला काय काय सांगितलंय, आणि आठवलं ते सगळं तिनेच सांगितलेलं होतं: तिच्या आईचं आजारपण, इराचा शाळेतला रडवेपणा, पुण्याला परत जायचं की नाही. मी तिला काटे नसलेला मासा दिला होता, आणि तेवढ्यावर माझं भागलंय असं धरून चाललो होतो.

तिने साफ केलेला भुगा गोळा करून माझ्या भातावर ठेवला. मी तो खाल्ला. गार झाला होता, आकार उरला नव्हता, आणि चव फार चांगली होती. वसूने पुढचा घास हातात घेतला.

"पंपावर हात ठेवला त्या दिवशी," मी म्हणालो, आणि थांबलो. मला वाटलं, ती वर बघेल. तिने बघितलं नाही, म्हणून मला पुढे बोलता आलं. "वसू, मला भीती वाटते. आज बोटं आहेत. उद्या पाय असतील, डोळे असतील. एक दिवस मी तुझा हात धरेन आणि मला तो कळणार नाही."

वसूची बोटं माशावर क्षणभर थांबली, आणि पुन्हा चालू लागली.

"हूं," ती म्हणाली. "पुढे?"